हृदयाच्या जनुकातून गळालेली २५ अक्षरे

माणसाचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. प्रत्येक आकुंचनात हृदयाच्या स्नायूतील मायोसिन हे प्रथिन ॲक्टिनच्या तंतूंना ओढते. ही ओढ किती आणि किती वेगाने व्हावी, यावर लगाम ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे मायोसिन-बंधक प्रथिन ‘सी’. त्याची संहिता अकराव्या गुणसूत्रावरील ‘एमवायबीपीसी३’ या जनुकात आहे. जनुकाची लांबी २१ हजारांहून अधिक अक्षरांची. त्यातून घडणारे प्रथिन १,२७४ अमिनो आम्लांचे.

या जनुकात बिघाड झाला की लगाम सैल पडतो. हृदयाची भिंत, विशेषतः डाव्या जवनिकेची, जाड होऊ लागते. ‘हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी’ या नावाने ओळखला जाणारा हा विकार जगभरात साधारण ५०० माणसांत एकाला असतो, असे मानले जाते. ज्या रुग्णांत जनुकीय कारण सापडते, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांच्या बाबतीत दोष याच जनुकात आढळतो. अनेकांना आयुष्यभर काहीच जाणवत नाही. काहींना धाप लागते, भोवळ येते. आणि मैदानावर खेळता खेळता कोसळणाऱ्या काही तरुणांच्या मृत्यूमागेही हाच आजार असतो.

भारतीयांसाठी या जनुकाची गोष्ट वेगळी आहे. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेचे कुमारसामी थंगराज आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. या जनुकातील २५ अक्षरांचा एक तुकडा गळालेला असणे भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत आढळते, असे त्यांनी दाखवले. देशभरातील १०७ समाजगटांतील सहा हजारांहून अधिक व्यक्तींची त्यासाठी तपासणी झाली होती. हा बदल सुमारे ३० हजार वर्षांपूर्वी घडला असावा, असा अंदाज वर्तवण्यात आला. इतका जुना दोष टिकला कसा, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे परिणाम दिसायचे तर बहुधा उतारवयात दिसतात. तोवर पुढची पिढी जन्मलेली असते आणि नैसर्गिक निवडीच्या चाळणीतून तो निसटतो.

गळालेला तुकडा प्रथिनाची संहिता असलेल्या भागात नाही, तर दोन संहिता-भागांच्या मधल्या पट्ट्यात आहे. मात्र पेशी ज्या खुणेच्या आधारे हा पट्टा कापून संदेश जोडते, ती खूण त्याच तुकड्यात असते. ती नसल्याने जोडणी चुकू शकते, एक संपूर्ण भाग वगळला जातो आणि प्रथिनाचे शेवटचे टोक बिघडते. मायोसिनला धरून ठेवण्याचे काम या टोकाकडेच असते.

पहिल्या निबंधाने हृदय निकामी होण्याचा धोका सुमारे सातपट सांगितला आणि त्याला साहजिकच मोठी प्रसिद्धी मिळाली. पुढचे संशोधन तितके गाजले नाही, पण ते अधिक महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील दक्षिण आशियाई वंशाच्या व्यक्तींच्या २०१८ मधील अभ्यासात, तुकडा गळालेल्यांपैकी सुमारे दहा टक्के जणांत त्याच जनुकात आणखी एक बदल दिसला. हृदयाचे आकुंचन नेहमीपेक्षा जोरकस होण्याचा संबंध या दुहेरी बदलाशी होता. २०२० मध्ये आणखी एका गटाने दाखवले, की स्नायू जाड होण्याचा धोका प्रामुख्याने जवळच्याच एका दुर्मिळ बदलामुळे येतो. तो बदल गळालेल्या तुकड्याबरोबर काही घराण्यांत वारशाने उतरतो. म्हणजे चार टक्क्यांतील बहुतेकांच्या बाबतीत हा तुकडा एकट्याने फारसा उपद्रव करत नसावा.

घरपोच मिळणाऱ्या जनुकीय चाचण्यांच्या काळात हा फरक समजून घेणे आवश्यक आहे. अहवालात केवळ या तुकड्याचा उल्लेख दिसला म्हणून धास्तावण्याचे कारण नाही. तसेच तो नसल्याने हृदय निर्दोष ठरत नाही, कारण या जनुकातील शेकडो अन्य बदल रोगकारक म्हणून नोंदले गेले आहेत.

औषधोपचारांतही बदल झाला आहे. मायोसिनची अतिरिक्त ओढ कमी करणाऱ्या मावाकामटेन या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०२२ मध्ये मान्यता दिली. रक्ताच्या वाटेत अडथळा येणाऱ्या रुग्णांसाठी ते आहे, सर्वांसाठी नव्हे.

घरात या विकाराचे निदान झाले असेल, तर आईवडील, भावंडे आणि मुले यांची तपासणी करावी, असा हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. रोगकारक बदल असलेल्या पालकाकडून तो प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी असते. तपासणीची सुरुवात ईसीजी आणि इकोकार्डिओग्राफी यांनीच होते, आणि या दोन्ही सोयी बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी आहेत.