मंचाच्या दारातील सामाईक मुखत्यार

ज्या सॉफ्टवेअर-मंचावर अनेक सेवा एकत्र नांदतात, तेथे प्रत्येकीने आपापली निराळी कॅश बाळगण्यापेक्षा सर्वांच्या दारात एकच सामाईक प्रॉक्सी बसवावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. कारण एकदा सिद्ध झालेले पान पुढच्या मागणीस जसेच्या तसे हवाली करण्याचे मुखत्यारपत्र तिला दिले, की मूळ सर्व्हरचे पुष्कळ कष्ट वाचतात. नॉर्वेतील एका वृत्तपत्राच्या निकडीतून, पॉल-हेनिंग काम्प यांच्या हातून घडलेले व्हार्निश २००६ साली प्रसिद्ध झाले ते याच कामासाठी. त्याच्या दहा वर्षे आधीचे स्क्विड आजही ३१२८ क्रमांकाच्या पोर्टवर चाकरी बजावीत आहे, आणि विकिपीडियाने ही दोन्ही साधने वापरली आहेत.

मुदतीचा हुकूम मात्र मूळ सर्व्हरनेच द्यावयाचा असतो. 'कॅश-कंट्रोल' या हेडरमध्ये 'एस-मॅक्सएज=६००' असे लिहिले, की सामाईक कॅश ते पान दहा मिनिटे ताजे मानते; वाचकाच्या ब्राउझरला हा हुकूम लागू नाही. उत्तरासोबत येणारा 'एज' हा आकडा पाहावा, म्हणजे ते पान किती सेकंदांपूर्वीचे आहे हे तत्काळ समजते.

'प्रायव्हेट' असा शेरा असलेले उत्तर सामाईक कॅशने साठवावयाचेच नसते. या एका शब्दाच्या विस्मरणाने एकाचे खाते दुसऱ्याच्या पुढ्यात उघडे पडू शकते, आणि हा दोष मंदगतीहून शतपट गंभीर होय. म्हणून प्रॉक्सी बसविण्यापूर्वी लॉग-इननंतरच्या प्रत्येक उत्तरावर तो शेरा आहे की नाही, हे आपण स्वतः तपासून घ्यावे.