बंद व्हॉल्व्ह, भरलेली वाहिनी

जलवाहिनीवरचा व्हॉल्व्ह बंद केला की पाण्याचा प्रवाह थांबतो. दाब मात्र आतच राहतो. वाहिनीच्या दुरुस्तीचे सगळे नियोजन या एका गोष्टीभोवती फिरते. ‘देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल’ ही सूचना पुणेकरांच्या परिचयाची आहे. जुना व्हॉल्व्ह काढून नवा बसवणे हा त्या दुरुस्तीचा एक भाग झाला. वाहिनी सुरक्षितपणे रिकामी करणे आणि पुन्हा भरणे यालाही बराच वेळ द्यावा लागतो.

कोणता व्हॉल्व्ह कशासाठी

खडकवासल्याचे पाणी पर्वती, लष्कर, वारजे, वडगाव अशा जलकेंद्रांत शुद्ध होऊन टाक्यांमध्ये आणि तिथून पेठा-उपनगरांत जाते. या वाटेवर प्रवाह अडवण्यासाठी स्लूस व्हॉल्व्ह असतो. त्यात पाचरीसारखे लोखंडी गेट स्पिंडलच्या आट्यांवर वर-खाली सरकते. मोठ्या व्यासाच्या वाहिन्यांवर बटरफ्लाय व्हॉल्व्हही वापरतात. त्यात मधल्या आसावर तबकडी फिरते. पंपाजवळचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाणी उलटे येऊ देत नाही. उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह असतो, तर सखल जागी वाहिनी रिकामी करण्यासाठी स्कावर व्हॉल्व्ह. पेशवाईत कात्रजहून शहरात आणलेल्या नळावरही ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. नळात कोंडणाऱ्या हवेला वाट द्यावी लागते, हे तेव्हाच्या बांधकाम करणाऱ्यांना ठाऊक होते.

रोजची निगा

भागाभागांना वेळेनुसार पाणी सोडायचे असल्याने व्हॉल्व्हमन काही व्हॉल्व्ह रोज फिरवतात. त्यांचे आटे आणि ग्लँडमधली पॅकिंगची दोरी झिजते. स्पिंडलपाशी पाणी झिरपू लागले तर ग्लँडचे दोन्ही नट थोडे थोडे आणि सारखे आवळतात. तरीही गळती थांबली नाही तर पॅकिंग बदलतात. याउलट, वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह गंजून अडकतो आणि नेमका फुटतुटीच्या वेळी दगा देतो. म्हणून तोही ठरावीक काळाने काही फेरे फिरवून पाहायचा असतो. चावी हलत नाही म्हणून तिला लांब पाइप लावून जोर केला, तर स्पिंडल तुटतो किंवा आटे जातात. स्लूस व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवणेही चुकीचे. वेगाने घुसणारे पाणी गेट आणि त्याची बैठक खाते.

बंद करताना शेवटचे फेरे सर्वांत सावकाश द्यायचे. सेकंदाला एक मीटर वेगाने धावणारे पाणी एकदम अडवले, तर पोलादी वाहिनीत सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका जादा दाब क्षणात उसळतो. यालाच वॉटर हॅमर म्हणतात. नवी गळती अनेकदा अशाच घाईतून जन्मते.

काढण्याचा क्रम

पाण्याची उंची ३० मीटर असेल, तर १००० मिलिमीटर व्यासाच्या बंद गेटवर साडेतेवीस टनांच्या आसपास भार असतो. तो सुटला तर व्हॉल्व्हच्या चेंबरमधल्या माणसाला बाहेर पडायला सवड मिळत नाही. म्हणून आधी पंप थांबवून त्याच्या विजेच्या खटक्याला कुलूप आणि पाटी लावतात, मग दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करतात. त्यानंतर स्कावर उघडतात. अशा वाहिनीच्या एका किलोमीटरमध्ये सुमारे ७८५ टन पाणी असते. ते वाहून जायला वेळ लागतो. पाणी उतरत असताना एअर व्हॉल्व्हमधून हवा आत आली नाही, तर निर्वात होऊन पातळ पत्र्याची वाहिनी चेपू शकते.

दाबमापकाचा काटा शून्यावर आला एवढ्यावर विसंबता येत नाही, कारण त्याची नळी गाळाने तुंबलेली असू शकते. छोटा कॉक उघडून पाणी येत नाही ना, हे डोळ्यांनी पाहायचे.

चेंबर हा स्वतंत्र धोका आहे. शेजारच्या ड्रेनेजमधून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तिथे साचतात. हायड्रोजन सल्फाइडचा वास काही वेळाने नाकाला जाणवेनासा होतो, त्यामुळे वास नाही म्हणजे वायू नाही असे धरता येत नाही. हवेत प्राणवायू सुमारे २०.९ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत उतरू नये. वायुमापकाने तपासणी, पंख्याने हवा खेळती ठेवणे, उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टा-दोर आणि वर सतत एक माणूस, एवढे हवेच. आत कोणी बेशुद्ध पडला तर वरच्याने साधनांशिवाय खाली उडी घेऊ नये. तसे केल्याने एकाचे दोन बळी जातात.

फ्लँजचे बोल्ट सैल करताना अंगापासून दूरचा बोल्ट आधी ढिला करतात, म्हणजे उरलेले पाणी पलीकडे उडते. पाणी गळून थांबेपर्यंत एकही बोल्ट पूर्ण काढत नाहीत. व्हॉल्व्ह उचलताना पट्टा त्याच्या अंगाला बांधतात, स्पिंडलला नाही. नवा बसवताना जुने गॅस्केट पुन्हा वापरत नाहीत आणि बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, टप्प्याटप्प्याने आवळतात. मग वाहिनी सावकाश भरतात, हवा बाहेर जाऊ देतात, गढूळ पाणी सोडून देतात. शुक्रवारचा उशीर आणि कमी दाब यातून येतो.

कारखान्यांतले नियम

चाकण, भोसरी, कुरकुंभ या औद्योगिक पट्ट्यांत वाहिन्यांमधून वाफ, वायू आणि रसायनेही वाहतात. ज्वालाग्राही वायू दाबाखाली असेल, तर सांधा सैल करण्यापूर्वी प्रवाह पूर्ण थांबवणे आणि सांधा उघडण्यापूर्वी दाब वातावरणाइतका उतरवणे, असे बंधन १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३७ मध्ये होते. अशा वाहिन्यांमध्ये बंद व्हॉल्व्हवर न विसंबता फ्लँजमध्ये वाट पूर्ण अडवणारी आंधळी पट्टी घालतात.

ही पट्टीही घट्ट बसलेली आणि सर्वांना माहीत असलेली हवी. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह देखभालीसाठी काढलेला होता. उघड्या तोंडावर बसवलेली झाकणपट्टी गळतीबंद नव्हती आणि पुढच्या पाळीला व्हॉल्व्ह काढल्याचे कळले नव्हते. पंप सुरू झाला, वायू सुटला, स्फोट झाले आणि १६७ माणसे मरण पावली.

त्यामुळे कामाचा परवाना लेखी असतो: कोणता व्हॉल्व्ह, कोणी बंद केला, किती फेऱ्यांत, कुलपाची किल्ली कोणाकडे. पाळी बदलताना तो समक्ष सोपवला जातो. काम संपल्यावर माणसे आणि हत्यारे मोजून, कुलपे काढून त्यावर सही झाली, की मगच पहिला फेरा उघडायचा.