जठराच्या कलाने

आठवड्यातून एकदा पोटावर किंवा मांडीवर टोचून घ्यावयाची, मौंजारो आणि वेगोवी या नावांची जी वजन उतरविणारी औषधे २०२५ सालापासून आपल्याकडे रीतसर मिळू लागली, त्यांच्याविषयी बोलणारांत दोन तट पडलेले दिसतात: एक त्यांना संजीवनी समजणारांचा, आणि दुसरा पहिल्याच पंधरवड्यात मळमळीने बेजार होऊन त्यांच्या नावाने बोटे मोडणारांचा. दुसऱ्या तटाची तक्रार खरी असते. तिच्यावरून औषध आपल्याला ‘लागू पडत नाही’ असा जो निष्कर्ष ते परस्पर काढतात, तो मात्र बहुधा घाईचा असतो.

जेवणानंतर आतड्यांतून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते; वेगोवीतील सेमाग्लुटाइड त्याचेच अनुकरण करते, तर मौंजारोतील टिर्झेपटाइड त्याच्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही. ही द्रव्ये मेंदूला तृप्तीची वर्दी देतात आणि जठरातील अन्न पुढे सरकण्याची गती मंदावतात, त्यामुळे ज्या व्यापाराने भूक मावळते त्याच व्यापारातून मळमळ, करपट ढेकर आणि मलावरोधही उद्भवतात. सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या १,९६१ जणांवरील चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा ४४ जणांना मळमळ झाली. औषधविरहित सुई घेणाऱ्यांतही हे प्रमाण शेकडा १७ होते. परंतु पोटाच्या तक्रारींपायी औषध सोडणारे शेकडा पाचांहूनही कमी निघाले, कारण हा त्रास मुख्यतः मात्रा वाढविण्याच्या काळातला असून पुढे तो बव्हंशी ओसरतो. म्हणूनच सेमाग्लुटाइडचा आरंभ पाव मिलिग्रॅमने करून, चार चार आठवड्यांनी पायरी चढत, २.४ मिलिग्रॅमपर्यंत जाण्यास चार महिने देतात. त्रास होत असता पुढची पायरी लांबणीवर टाकण्याची मुभा डॉक्टरांपाशी असते. ती मागण्यात कमीपणा कसला?

बाकीचा बंदोबस्त ताटातच करावयाचा आहे. तर्रीदार मिसळ, भजी, साजूक तुपात थबथबलेली पुरणपोळी हे पदार्थ आधीच जठरात रेंगाळणारे. सुईनंतर ते तासन् तास तेथेच ठाण मांडतात. त्यापेक्षा मऊ मुगाची खिचडी, वरणभात किंवा ताक-भाकरी थोडी थोडी, सावकाश चावून खावी, पोट भरल्याची पहिली जाणीव होताच हात आवरावा आणि जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. आपल्याकडे खरी पंचाईत पंगतीतल्या आग्रहाची. ‘एकच घ्या’ म्हणून वाढलेली जिलबी रात्री उलटून पडते आणि बोल मात्र औषधाला लागतो.

मलावरोधावर इसबगोल जरूर घ्यावा, पण भरपूर पाण्यासह. पाण्याविना तो उलट कोंडी वाढवितो. भूक नाही म्हणून चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्यांच्या चरबीबरोबर स्नायूही झडतात. तेव्हा ताटातल्या चार घासांत डाळ, उसळ, अंडे, दही किंवा मासळी यांचा मान पहिला, आणि जोडीला थोडा वजने उचलण्याचा व्यायामही हवा.

काही लक्षणांच्या बाबतीत मात्र घरगुती इलाजात वेळ दवडू नये. पोटाच्या वरच्या भागात उठून पाठीकडे जाणारी, न थांबणारी तीव्र कळ स्वादुपिंडाच्या दाहाची असू शकते. उजव्या बरगडीखालची कळ, ताप किंवा कावीळ पित्ताशयातील खड्यांची सूचना असू शकते. आणि पाणीही न ठरणाऱ्या उलट्यांनी मूत्रपिंडे धोक्यात येतात. अशा वेळी तडक रुग्णालय गाठावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर एकाएकी उतरू शकते, म्हणून त्या औषधांचा हिशेब डॉक्टरांकडून आधीच नव्याने करून घ्यावा. आणि कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, तर तिचा दिवस ठरतानाच भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचे सांगावे. रात्रभर उपाशी राहूनही अशा रुग्णाच्या जठरात अन्न शिल्लक असू शकते, आणि भुलीत ते फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो.