मोटारसायकलची मूठ आणि हाताच्या मुंग्या

पहाटे डेअरीला दूध घालणे, येताना पेंडीचे पोते आणणे, दुपारी मोटारीचा स्टार्टर दुरुस्तीला नेणे आणि संध्याकाळी मुलीला एस.टी. स्टँडवरून घेऊन येणे. पूर्वी बैलगाडी करीत असे त्यातली निम्मीअधिक कामे आता मोटारसायकल करते. मात्र दिवसाकाठी तीस-चाळीस किलोमीटर खडीच्या वाटेने गाडी हाकली, की रात्री हाताला मुंग्या येतात, भाकरी मोडताना बोटे आखडतात. पुष्कळजण हे वयाच्या नावावर खपवतात. खरे पाहता बऱ्याच वेळा दोष हँडलच्या मुठीत असतो, आणि तो घरच्या घरी, चहापाण्याच्या पैशात कमी करता येतो.

आपल्या घरात ही विद्या जुनीच आहे. खुरप्याची मूठ हाताला रुतू लागली की बायामाणसे तिला चिंधी गुंडाळतात. बारीक मूठ घट्ट आवळावी लागते आणि आवळून धरलेल्या हातात गाडीचा सगळा थरकाप उतरतो. मूठ जराशी जाड आणि मऊ झाली, की हात सैल राहतो.

यासाठी सर्वांत चांगली वस्तू म्हणजे सायकलची टाकाऊ ट्यूब. पंक्चरवाल्याकडे ती ढिगाने पडलेली असते. ठिगळे नसलेला भाग निवडावा. मुठीची लांबी सुतळीने मोजून तेवढाच तुकडा सरळ कापावा. आतली पांढरी भुकटी धुऊन टाकावी. मूठही कपड्याच्या साबणाने आणि ब्रशाने घासून कोरडी करावी, कारण तेलकट मुठीवर ट्यूब फिरत राहते. काही गाड्यांना हँडलच्या टोकाला लोखंडी वजन असते. ते स्क्रू काढून बाजूला ठेवावे आणि काम झाल्यावर न विसरता परत बसवावे. ते शोभेसाठी नसून थरथर कमी करण्यासाठी असते.

आता तुकड्याच्या आत साबणाचे पाणी फिरवून, कासार बांगडी चढवतो तसा तो हळूहळू मुठीवर चढवावा. तेल, ग्रीस किंवा पेट्रोल लावू नये. त्याने रबर खराब होते आणि पकडही जाते. साबणाचे पाणी वाळेपर्यंत, म्हणजे निदान एक रात्र, गाडी हलवू नये. मोठ्या हाताच्या माणसाने हवा तर दुसरा थर चढवावा. मूठ धरल्यावर अंगठ्याचे टोक मधल्या बोटाला सहज टेकले पाहिजे. टेकत नसेल तर मूठ फार जाड झाली, थर उतरवावा. घरातल्या मुली-सुना तीच गाडी चालवत असतील, तर त्यांच्या हाताचे माप धरावे. जाड मुठीवरून त्यांची बोटे ब्रेकच्या दांडीपर्यंत नीट पोचत नाहीत.

डाव्या मुठीचे काम इथे संपले. उजवीचे नाही, कारण ती नुसती धरायची मूठ नसून गाडीची रेस आहे. ती एका नळीवर बसवलेली असते आणि सोडली की आपोआप मागे फिरली पाहिजे. ट्यूबची कड आतल्या बाजूला बटणाच्या डबीला किंवा बाहेर टोकाच्या वजनाला घासली, तर रेस अडकते आणि ऐन वळणावर गाडी पुढे उसळते. म्हणून दोन्हीकडे दोन-तीन मिलिमीटर मोकळी फट ठेवावी. मग गाडी बंद असताना मूठ पूर्ण फिरवून सोडावी. ती खट्कन जागेवर आली पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून हेच पुन्हा करावे. शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून हँडल दोन्हीकडे वळवावे. इंजिनाचा आवाज वाढता कामा नये. यातल्या एकाही ठिकाणी शंका आली, तर ट्यूब कापून काढावी. बोटे दुखलेली परवडतात.

मूळ रबरच झिजून हँडलवर फिरत असेल, तर वरून काही चढवू नये. नवी जोडी आणावी. डावी आणि उजवी मूठ वेगळी असते, हे घेताना ध्यानात ठेवावे. उजवी नळीवर बसते म्हणून तिचे भोक मोठे असते. ती डावीकडे घातली तर ढिली पडते.

बाजारात स्पंजची कव्हरे मिळतात. हाताला ती फार सुखाची लागतात, पण पावसाळ्यात दिवसेंदिवस ओली राहतात आणि उन्हात त्यांचा भुगा होतो. कापडाच्या पट्टीचेही तेच. त्यापेक्षा मोठा धोका फवारणीच्या दिवसांत असतो. हात नीट न धुता गाडी धरली, की औषध स्पंजात किंवा चिंधीत मुरते, आणि मग रोज हाताला लागत राहते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. रबरी ट्यूब साबणाने धुता येते, हा तिचा मोठा गुण. हातमोजे वापरायचे असतील तर साधे सुती घ्यावेत, फवारणीचे हातमोजे गाडीवर चढवू नयेत.

एवढे करूनही मुंग्या थांबल्या नाहीत, तर मुठीपलीकडे पाहावे. क्लचची केबल वाळलेली असली, की दर गिअरला डाव्या हाताची कसरत होते. तिला तेल द्यावे किंवा ती बदलावी. क्लचच्या दांडीच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर ढील असावी. दांड्या फार वर असतील तर मनगट सारखे मागे वाकते. क्लचच्या दांडीचा बोल्ट थोडा सैल करून, हात आणि बोटे एका रेषेत येतील अशी ती खाली घ्यावी. डिस्क ब्रेकची दांडी मात्र गॅरेजवाल्याकडून बसवून घ्यावी. पुढच्या चाकात हवा कमी असली तरी हँडल जड लागते. दुधाचे दोन कॅन दोन बाजूंना सारख्या वजनाचे नसतील, तर एक हात सगळी वाट हँडल ओढून धरतो आणि तोच रात्री ठणकतो. थरथर अलीकडेच वाढली असेल, तर आधी इंजिनाचे बोल्ट तपासावेत. सैल बोल्टावर मऊ मुठीचा इलाज करू नये.

कोणते बोट बधिर होते, त्यावरूनही थोडे कळते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, तर बहुधा अंगाचा भार तळहाताच्या बुडावर पडत असतो. जरा ताठ बसावे, टाकी गुडघ्यांनी धरावी. अंगठा आणि त्याच्या जवळची दोन बोटे बधिर होत असतील, तर मनगट फार वाकते आहे काय ते पाहावे. पण गाडी चार-आठ दिवस न चालवताही बधिरपणा राहिला, रात्री झोपमोड होऊ लागली, सदऱ्याचे बटण लावता येईना किंवा हातातली वस्तू निसटू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहातही हातापायांना मुंग्या येतात, तेव्हा रक्तातली साखर तपासून घेणे बरे.

कापून उरलेली ट्यूब फेकू नये. तिची बोटभर रुंदीची एक चकती कापून हँडलला अडकवून ठेवावी. बांधावर किंवा उतारावर गाडी उभी करून पोते उतरवताना, पुढच्या ब्रेकची दांडी दाबून ती चकती दांडी आणि मूठ दोन्हींवर चढवली, की गाडी सरकत नाही. निघताना मात्र ती आठवणीने काढावी.