स्फोटक धोका आणि स्थानिक पोलिसांचे प्रशिक्षण

लढाई संपल्यावर जमिनीत व इमारतींत मागे राहणाऱ्या स्फोटकांचा प्रश्न सामान्यतः सैनिकी अभियांत्रिकीचा विषय समजला जातो. परंतु अशा स्फोटकापाशी सर्वांत आधी जो पोहोचतो, तो बहुधा तज्ज्ञ नसून जवळच्या ठाण्यातील पोलीस शिपाई असतो. या शिपायाला काय शिकवावे, किती शिकवावे आणि कोठे थांबावे, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय. इराकमधील मोसुल शहराच्या उदाहरणावरून तो विशद करता येईल.

जून २०१४ मध्ये मोसुल 'इस्लामिक स्टेट' या संघटनेच्या ताब्यात गेले. ते परत मिळविण्याची मोहीम १७ ऑक्टोबर २०१६ रोजी सुरू झाली आणि जुलै २०१७ मध्ये इराकी शासनाने विजय घोषित केला. या सुमारे नऊ महिन्यांच्या लढाईत तैग्रिस नदीच्या पश्चिम तीरावरील जुन्या शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. त्या ढिगाऱ्यांत विमानांतून टाकलेले पण न फुटलेले बॉम्ब होते, तोफांचे गोळे होते आणि हेतुपुरस्सर रचून ठेवलेले सापळेही होते. यांतील भेद महत्त्वाचा आहे. बॉम्ब व गोळे फुटावयाचे राहून गेलेले असतात. सापळा मात्र माणसाच्या स्पर्शाची वाट पाहत असतो. सुरुंग पेरलेल्या शेतात धोका मुख्यतः पायाखाली असतो. घरात तो दाराच्या कडीला, कपाटाला किंवा पडलेल्या विटांच्या थराखालीही असू शकतो. म्हणून मोकळ्या जमिनीसाठी बनलेली निवारणपद्धती शहरात जशीच्या तशी लागू पडत नाही.

अशा शहरात निर्वासित कुटुंबे परत येऊ लागतात, तेव्हा घरमालकाला अंगणात एखादी संशयास्पद वस्तू दिसते आणि तो पोलिसांकडे धाव घेतो. शिपाई येतो. भोवती गर्दी जमते. घरात पाऊल ठेवण्याची सर्वांनाच घाई असते, आणि "साहेब, एवढे उचलून न्या" असा आग्रह सुरू होतो. शिपायाच्या अंगी धैर्य असेल तर त्याचा हात नेमका याच क्षणी पुढे होतो. म्हणजे ज्या गुणासाठी त्याची एरवी प्रशंसा होते, तोच गुण येथे त्याच्या व इतरांच्या जिवावर बेतण्याचा संभव असतो. प्राथमिक प्रशिक्षणाचे पहिले उद्दिष्ट हा हात आवरण्याची सवय लावणे हे आहे.

त्यानुसार प्रथम पोहोचणाऱ्याची कर्तव्ये मोजकी ठरविलेली असतात. वस्तूला स्पर्श न करता, दुरूनच ती संशयास्पद असल्याची खात्री करणे. लोकांना तेथून हलविणे. सुरक्षित अंतरावर वेढा घालणे. आणि तज्ज्ञ पथक येईपर्यंत त्या जागेवर नियंत्रण ठेवणे. याशिवाय आपण स्वतः जेथे उभे आहोत तेथेही दुसरा सापळा नाही ना, हे पाहणे त्याच्यावर बंधनकारक असते. कारण मदतीला येणाऱ्यांसाठी दुसरे स्फोटक ठेवण्याची रीत परिचित आहे. काय दिसले, कोठे दिसले व केव्हा दिसले याची अचूक नोंद हे त्याचे तज्ज्ञाला होणारे सर्वांत मोठे साहाय्य होय.

यापुढील काम निराळ्या अधिकाऱ्यांचे असते. आंतरराष्ट्रीय सुरुंग-निवारण मानकांत स्फोटक निकामी करणाऱ्यांच्या पात्रतेच्या चढत्या पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवरील व्यक्ती ठराविक प्रकारची एकेकटी वस्तू जागच्या जागीच नष्ट करू शकते. वस्तू हलविणे सुरक्षित आहे की नाही, हा निर्णय तिच्यावरच्या पायरीचा असतो. या रचनेतील तत्त्व असे की, ज्ञानाबरोबर त्या ज्ञानाची मर्यादाही शिकविली गेली पाहिजे. अर्धवट शिकलेला मनुष्य न शिकलेल्यापेक्षा अधिक जवळ जातो.

तथापि व्यक्तींना शिकविल्याने कार्यभाग संपतो, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. या बाबतीत अफगाणिस्तानचा पूर्वानुभव बोधप्रद आहे. सोव्हिएत सैन्याच्या माघारीच्या सुमारास, १९८८-८९ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या योजनेखाली पेशावर व क्वेट्टा येथे अफगाण निर्वासितांना सुरुंग ओळखण्याचे व काढण्याचे शिक्षण देण्यात आले. हे लोक स्वदेशी परतून आपापली गावे निर्धोक करतील, अशी अपेक्षा होती. परंतु त्यांच्यामागे पथक नव्हते, देखरेख नव्हती, आणि अपघात झाल्यास उपचारांची व्यवस्थाही नव्हती. त्यामुळे अपेक्षित काम झाले नाही. पुढे अफगाण संस्था स्थापन होऊन प्रशिक्षित माणसे शिस्तबद्ध पथकांत आली, तेव्हाच त्या शिक्षणाचे चीज झाले.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरुंग-निवारण सेवेने इराकी पोलिसांना प्रशिक्षण देताना स्थानिक प्रशिक्षक तयार करण्यावरही भर दिला, त्याचे मर्म येथे आहे. परदेशी तज्ज्ञ आज ना उद्या परततात, अनुदाने आटतात, शिकलेल्या शिपायाची बदली होते. ज्ञान पोलीस दलाच्या नित्याच्या शिक्षणक्रमात व नोंदवहीत रुजले नाही, तर ते त्या शिपायाबरोबरच निघून जाते.

अशा प्रशिक्षणाचे मोजमाप केवळ किती बॉम्ब निकामी झाले यावर करणे म्हणूनच अपुरे आहे. ज्या दिवशी शिपायाने गर्दीचा आग्रह मोडून काढला, दोरी बांधली आणि तो वाट पाहत उभा राहिला, त्या दिवशी कोणत्याही वृत्तपत्रात बातमी येत नाही. परंतु ते प्रशिक्षण यशस्वी झाले याचा तोच खरा पुरावा होय.