हवेची तहान मोजायला हवी

कागल तालुक्यात दूधगंगेच्या काठाने गेले की दोन्ही हातांना ऊस लागतो, आणि त्या हिरव्या रानात मधूनच एखादे पांढरे प्लास्टिकचे छत उठून दिसते. दहा-वीस गुंठ्यांचे पॉलिहाऊस, आत रंगीत ढबू मिरची, जरबेरा किंवा डच गुलाब. उसाला पाणी आणि खत दिले की बाकीचे आभाळावर सोडता येते. इथे आभाळच शेतकऱ्याने आपल्या अंगावर घेतलेले असते. त्यामुळे आत तापमान आणि आर्द्रता दाखवणारा एक मीटर टांगलेला असतो आणि दिवसभर त्यावरच्या अंशांकडे लक्ष असते. माझे म्हणणे असे की नुसत्या अंशांकडे पाहून पिकाचे हाल कळत नाहीत, आणि शेजारी दिसणाऱ्या आर्द्रतेच्या टक्क्यांकडे वेगळे पाहूनही कळत नाहीत. पिकाला जाणवते ती या दोहोंतून तयार होणारी तिसरी गोष्ट: हवा किती तहानलेली आहे.

याचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. २० अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरते, ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. म्हणून ८० टक्के आर्द्रता हा आकडा दोन्हीकडे सारखा दिसला, तरी ३० अंशांच्या हवेत अजून सहा ग्रॅम पाण्याला जागा असते आणि २० अंशांच्या हवेत जेमतेम साडेतीन. पानांतून पाणी किती वेगाने उडेल हे या उरलेल्या जागेवर ठरते. शास्त्रात तिला बाष्पदाबाची तूट म्हणतात. पानातून पाणी उडाले तरच मुळांकडून पाणी वर चढते, आणि त्याच्याबरोबर कॅल्शियम. हवा तृप्त असेल तर ही वाहतूकच मंदावते. ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट वेळच्या वेळी सोडूनही ढबूच्या टोकाला काळपट, बसका डाग पडतो, तेव्हा दोष खतात शोधला जातो. अनेकदा तो हवेत असतो. आणि हवा अतिशय कोरडी झाली तरी हाच डाग पडतो, कारण तेव्हा सगळे पाणी पाने ओढून घेतात आणि फळाच्या वाट्याला काही येत नाही.

कागलमध्ये ही दोन्ही टोके एका वर्षात येतात. पश्चिमेला गगनबावड्याचा धो-धो पाऊस, पूर्वेला शिरोळचे कमी पावसाचे रान, मध्ये हा तालुका. एप्रिलच्या दुपारी हवा ३८ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असेल, तर फॉगर जादू करतो: बारीक तुषारांचे बाष्प होताना उष्णता शोषली जाते आणि तत्त्वतः तापमान २३ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात तेवढे उतरत नाही, पण पाच-सहा अंशांचा दिलासाही मोठा असतो. कोरड्या उन्हात फोफावणाऱ्या लाल कोळी या किडीलाही त्याने आळा बसतो. हाच फॉगर जुलैत, २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेत चालवला, तर सव्वा अंशापलीकडे काही मिळत नाही. मिळतात ती ओली पाने. ओल्या पानावर केवडा रोग येतो आणि फुलांवर राखाडी बुरशी धरते. भुरी तर पान ओले नसतानाही दमट हवेत पसरते. यंत्र तेच, पाणी तेच. हवेची तहान बदलली.

सगळ्यात धोक्याची वेळ मात्र दुपारची नसते. पावसाळ्यात आणि थंडीच्या सुरुवातीला घात होतो तो पहाटे. संध्याकाळी बाजूचे पडदे बंद केले की दिवसभर पिकाने सोडलेले बाष्प आतच कोंडते. रात्री छताचा कागद आधी निवतो, आतल्या बाजूला थेंब जमतात आणि टपटपू लागतात. सूर्य वर आला की हवा झटकन तापते, पण गर असलेले जाड फळ सावकाश तापते. गार ढबूवर उबदार दमट हवा लागली की सालीवर दव धरते, आणि बुरशीच्या बीजाणूला तेवढे पुरते. म्हणून पडदे नऊ वाजता एकदम उघडण्यापेक्षा उजाडताच थोडेथोडे उघडत जाणे बरे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. पावसाळ्यात बाहेरचीच हवा ओलीचिंब, मग पडदे उघडून काय साधणार? साधते, कारण आतल्या उन्हाचा उपयोग होतो. बाहेरची २४ अंशांची पूर्ण दमट हवा आत येऊन २८ अंशांपर्यंत तापली, की तिची आर्द्रता ७९ टक्क्यांवर येते. ती पिकाचे बाष्प घेऊन वरच्या झडपेतून बाहेर पडते. हॉलंडचे काचगृहवाले नळ्यांतून गरम पाणी फिरवतात आणि त्याच वेळी झडपाही किंचित उघडतात, ते याच हिशोबाने. आपल्याला ती ऊब ऊन असेल तेव्हा फुकट मिळते. झडीत ऊनच नसते, तेव्हा हा उपाय लंगडा पडतो हे मान्य केले पाहिजे. त्या दिवसांत आतली हवा हलती ठेवणारे पंखे, खालची पाने काढून मोकळी केलेली झाडे आणि दुपारनंतर पाणी न देण्याची आणि फवारणी न करण्याची शिस्त, एवढेच हाती असते.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि कटकटीचा. रोज कोष्टके कोण पाहणार? त्याची गरज नाही. दोन साधे तापमापी शेजारी टांगायचे, एकाच्या फुग्यावर मलमलीची पट्टी गुंडाळून तिचे टोक पाण्यात सोडायचे आणि त्यावरून वारा फिरेल असे पाहायचे. दोन आकड्यांतला फरक म्हणजेच हवेची तहान. पिकाच्या नेहमीच्या तापमानात हा फरक दोन अंशांच्या खाली गेला तर हवा मोकळी करण्याची वेळ झाली, दोन ते पाचमध्ये पीक सुखात, सातच्या वर गेला तर फॉगर आणि शेडनेट. जोडी टांगायची ती शेंड्याच्या उंचीला आणि सावलीत. उन्हात लोखंडी खांबाला बांधलेला महागडा मीटरही खांबाचेच तापमान सांगतो. कोणी म्हणेल, बुरशीनाशक आहेच की. पण कारण हवेत तसेच राहिले तर फवारणी पुन्हा-पुन्हा करावी लागते, बुरशी त्या औषधाला सरावते आणि फवारा स्वतःच पाने ओली करतो.

नवे पॉलिहाऊस उभारताना तर हा विचार सांगाड्याच्याही आधी व्हावा. इथला पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा, म्हणून वरची झडप पूर्वेकडे उघडणारी असली की पाऊस आत न येता हवा बाहेर ओढली जाते. कीडरोधक जाळीवर धूळ बसली की वारा निम्माही येत नाही. ती धुवावी लागते. आणि कागलमध्ये खास लक्ष द्यायचे ते उसाकडे. ऑगस्टपर्यंत ऊस पुरुषभर उंच होतो, वारा अडवतो आणि स्वतःही बाष्प सोडत राहतो. पश्चिमेच्या बांधाला चिकटून पॉलिहाऊस उभारले, की दर पावसाळ्यात ते उसाच्या आडोशाला गुदमरते. त्या बाजूला चार-पाच गुंठे मोकळे ठेवून तिथे भुईमूग किंवा सोयाबीन घेतले, तर उसाचे थोडे उत्पन्न जाते, पण आतली हवा वाहती राहते.