बायपासला शहर येऊन चिकटतं

पुण्यात कोंडीचा विषय निघाला की दोनच उपाय ऐकू येतात. रस्ता रुंद करा, नाहीतर उड्डाणपूल बांधा. दोन्हींचा अनुभव आपण पुरेसा घेतलाय, तरी समजुती हलत नाहीत.

गैरसमज : रस्ता रुंद केला की कोंडी सुटते.

सुटते, थोडे दिवस. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे 2008 मध्ये रुंद करून झाला. सर्व्हिस रोड धरून काही ठिकाणी 26 लेन, खर्च सुमारे 2.8 अब्ज डॉलर. पण 2011 ते 2014 या काळात संध्याकाळी घरी पोचायला लागणारा वेळ दीडपटीच्या वर गेला. मोकळा रस्ता दिसला की बसने जाणारा गाडी काढतो, गर्दी टाळून उशिरा निघणारा ऐन नऊला निघतो आणि बिल्डर आणखी दहा किलोमीटर पुढे जमीन घेतो. ड्युरॅन्टन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी 2011 मध्ये अमेरिकी शहरांचा हिशेब मांडला. तिथे लेन जितक्या टक्क्यांनी वाढल्या, वाहनांची धावही जवळपास तितकीच वाढली होती. आपल्याकडे विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जेमतेम दीड दशक टिकला. 2020 मध्ये मेट्रोसाठी पाडावा लागला.

गैरसमज : बायपासमुळे जड वाहतूक गावाबाहेर जाते.

जाते, आणि मागोमाग गावही जातं. कात्रज-देहूरोड बायपास झाला तेव्हा आजूबाजूला शेतं होती. आज नऱ्हे, वारजे, बावधन, बाणेर, वाकड त्याला चिकटलेत. बंगळूरूहून आलेला कंटेनर आणि मुलाला शाळेत सोडायला निघालेली स्कूटर एकाच रस्त्यावर. नवले पुलाच्या उतारावरच्या अपघाताची बातमी वाचली नाही असा पुणेकर सापडणार नाही. याच बायपासवरचा चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 रोजी स्फोटकांनी उडवला, नवे रॅम्प बांधले. आता पाळी रिंगरोडची. माझा विरोध रिंगरोडला नाही. ट्रकना वाट हवीच. पण त्याच्या दोन्ही कडांना प्लॉट पडू दिले, तर वीस वर्षांनी रिंगरोडलाच बायपास शोधावा लागेल.

गैरसमज : लांबचं घर स्वस्त पडतं.

हप्ता कमी बसतो, एवढंच. घरात दोन-तीन गाड्या, त्यांचं पेट्रोल, रोजचे दोन तास आणि पाण्याचा टँकर जाहिरातीत नसतो. 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली. इमारती आधी उभ्या होत्या, नळ अजून वाटेवर आहे.

गैरसमज : दाट वस्ती म्हणजे बकालपणा.

सदाशिव पेठ दाटच आहे. वाडे पाडून झालेल्या इमारतींतही दूध, दवाखाना, शाळा पायी गाठता येते. (पार्किंगवरून भांडणं होतात, तो भाग वेगळा.) शहर आत, मेट्रो आणि बसच्या थांब्यांभोवती वाढवावं, ही मागणी विकासाच्या विरोधातली नाही. बससाठी राखीव लेनचा, म्हणजे बीआरटीचा, प्रयोगही इथलाच : 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर. त्या लेनमध्ये दुचाक्या घुसू दिल्या, आणि दोष बीआरटीला दिला.

बारा मीटरच्या बसमध्ये चाळीस जण आरामात मावतात. गाडीत सरासरी दीड माणूस धरला तर तेवढ्यांना सत्तावीस गाड्या लागतील. बंपरला बंपर लावून उभ्या केल्या तरी रांग शंभर मीटरच्या पुढे जाते.